कोरडं वजन

मशिनं सहा, खुर्च्या सहा, माणसं पाच. सहाव्या खुर्चीवरचा माणूस गेल्या महिन्यात गेला आणि तिथे अजून नवं नाव लागलं नव्हतं. दाराशी वजनकाटा एक. भिंतीवर कागदी तारे सात, त्यांतल्या एकाची चिकटपट्टी सुटली होती आणि तो एका टोकावर लोंबत होता. नाताळ काल होऊन गेला होता.

"ताई, आज आधी मिस्त्रींना घ्या!" ड्रायव्हर आपल्या खुर्चीवरून ओरडला. "टँकर भरून आलाय. मागचे चेपून जातील."

मिस्त्री दारात उभा राहून कोटाची बटणं सोडत होता. सगळा जन्म सुतारकीत गेलेला, आता अडुसष्टचा. तीन वर्षांपूर्वी मूत्रपिंडं थकली, तेव्हापासून दिवसाआड इथे चार तास डायलिसिसच्या मशिनला जोडून बसायचं. आज त्याचे बूट चकचकीत होते आणि तोंड थांबत नव्हतं.

"मोठा आला, सून आली, दोन्ही नाती. धाकटी आणि जावई उशिरा, नेहमीसारखे, पण आले बाबा. मेव्हणी आली. बोट शिरायला जागा नव्हती टेबलाला."

"आणि जेवायला?" टायपिस्टबाईंनी विचारलं.

"सूप, कोंबडी, केक. नातीने दोनदा वाढलं. नाही कसं म्हणायचं?" मग तो मशिनं लावणाऱ्या ताईकडे वळला. "तुमची वाट बघितली हो ताई. पण बरंच झालं. तुमच्या खुर्चीवर शेजारी बसला. तुम्ही आला असतात तर उभंच राहावं लागलं असतं."

ताई हसली. हसू पुरतं आलं नाही.

परवा, चोवीस तारखेला, मशिनवरून उठताना त्याने हळूच विचारलं होतं, "उद्या दीड किलो जास्त चालेल?"

"कशाला?"

"जेवायला. सगळे येणारेत. पोरं जेवतायत आणि बाप कपाने पाणी मोजत बसलाय, बरं दिसत नाही."

"एक किलो. वर गेलात तर गाठ माझ्याशी आहे."

"तुम्हीच या ना लक्ष ठेवायला. दहावी खुर्ची रिकामीच आहे." आणि मग बूट घालताघालता, खाली बघत, "नाताळ म्हणजे तरी दुसरं काय हो? देवाला वरून दिसत होतंच की सगळं. तरी खाली येऊन माणसांत राहिला. लांबून माया करता येत नाही, हे त्यालासुद्धा कळलं. आणि उतरला कुणाकडे? सुताराकडे!"

"बघते," ताई म्हणाली होती.

काल तिला सुट्टी होती. तिने चार चादरी धुतल्या, दोन तास झोप काढली आणि ओट्याशी उभ्याउभ्या जेवली. मिस्त्रीचं घर तिच्या घरापासून पायी बावीस मिनिटांवर होतं.

"बूट-कोट काढा आणि चढा," ती म्हणाली.

या काट्यापुढे कुणाचं काही लपत नसे. ज्याच्या शरीरातून पाणी बाहेर जाणंच बंद झालं आहे, त्याने दोन दिवसांत काय खाल्लं, किती प्यायलं, ते सगळं काट्यावर उभं राहतं. मशिनने जादाचं पाणी काढलं की उरतं ते कोरडं वजन. मिस्त्रीचं अठ्ठावन्न किलो. आकडा ताईने मोठ्याने सांगायचा, कारण वही खोलीच्या दुसऱ्या टोकाला सिस्टरच्या टेबलावर असे. त्यामुळे तो सगळ्यांनाच ऐकू जाई, आणि मग कुणी कुठे ताव मारला यावर अर्धा तास मजेत जाई. चार तासांत तेवढीच काय ती करमणूक.

काट्याची काच भिंतीकडे होती. ताईने वाकून पाहिलं. अठ्ठावन्न तीनशे.

"उतरा. परत चढा."

अठ्ठावन्न तीनशे.

साधी दोन वेळची पोळी-भाजी खाणारा माणूसही दोन दिवसांत दीड किलो घेऊन येतो. तीनशे ग्रॅम म्हणजे गोळ्यांबरोबरचे घोट. फार तर पावाचा तुकडा.

"बोला ताई, लिलाव सुरू करा!" ड्रायव्हर म्हणाला. सिस्टरने पेन उचललं. मिस्त्रीला काच दिसत होती. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवून त्या लोंबणाऱ्या ताऱ्याकडे बघत राहिला. सदऱ्याचं एक बटण तो लावत होता, सोडत होता.

"साठ आठशे," ताई मोठ्याने म्हणाली.

"अबब! दोन किलो आठशे! मिस्त्री, टेबलसुद्धा चावून खाल्लंत की काय?"

"खाऊ दे हो त्यांना," टायपिस्टबाई म्हणाल्या. "वर्षाचा दिवस. माणसं भोवती असली की जेवण जातं."

मिस्त्री काट्यावरून उतरेना. ताईने कोपराला धरून त्याला उतरवलं.

मशीन तिनेच लावलं. साठ आठशेच्या हिशेबाने पाणी काढलं असतं तर तासाभरात त्याचा रक्तदाब कोसळून डोळे पांढरे झाले असते. तिने पडद्यावर तीनशे घातले आणि मशीन जरा भिंतीकडे फिरवलं.

"किती काढणार?" त्याने पुटपुटत विचारलं.

"जेवढं आलंय तेवढंच."

मग ती सिस्टरच्या टेबलाशी गेली. सिस्टरच्या वहीत खाडाखोड म्हणजे महापाप. ताईने आकड्यावर बोट ठेवलं. "अठ्ठावन्न तीनशे कर."

"अगं, आत्ताच तर केवढ्याने ओरडलीस. बारा वर्षांत तुझा आकडा कधी चुकला नाही."

"आज चुकला."

सिस्टरने चष्म्यावरून मिस्त्रीकडे पाहिलं, मग ताईकडे. आकड्यावर एक सरळ रेघ मारली, शेजारी नवा आकडा लिहिला, सही केली आणि वही मिटली.

दुसऱ्या तासाला ड्रायव्हरचा डोळा लागला, टायपिस्टबाईंनी तोंडावर शाल ओढली. ताई स्टूल घेऊन मिस्त्रीच्या खुर्चीशी बसली. तो छताकडे बघत बोलला.

"मोठ्याचा फोन सकाळी आला. रजा नाही मिळाली म्हणे. धाकटीचा दुपारी, लेकराला ताप. खरंच असेल. पोराच्या तापाचं कुणी खोटं सांगत नाही."

"आणि मेव्हणी?"

"गुडघे."

"शेजारी?"

"आठ दिवस कुलूप आहे त्यांना."

ताईने त्याच्या हातावरची पट्टी उगाचच नीट केली. "आणि मी."

"तुम्ही 'बघते' म्हणाला होतात. येते कुठे म्हणालात?" त्याने तिची बाजू घेतली. "वाढून घेतलं होतं मी. प्रार्थना पण केली. पण समोर नऊ खुर्च्या. घास फिरत राहिला तोंडात."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "टेबल आवरलंत?"

"नाही जमलं. मधली फळी घालायला चौकीदार आला होता, ती काढायलाही दोन माणसं लागतात. मीच केलंय तसं, बायको होती तेव्हा. आम्ही दोघं होतो ना, मग एकट्याचा विचार कोण करतो?" त्याने सुई टोचलेला हात किंचित हलवला. "आणि या हाताने जड उचलायची तुमचीच बंदी."

"मला दोनला सुटी होते."

"बघता?"

"येते."

बरोबर अठ्ठावन्नवर तो मशिनवरून उठला.

त्याच्या घरी दहा खुर्च्या होत्या, एका मापाच्या नव्हे. दहा ताटं. नऊ कोरी, दहाव्यात चतकोर पाव, कडेला वाळून वर वळलेला. प्रत्येक ताटापुढे बोटभर लाकडाची पट्टी, तासून गुळगुळीत केलेली, आणि तिच्यावर पेन्सिलीने नाव. खिडकीकडच्या ताटापुढे नुसतंच 'ताई' होतं. तिचं नाव त्याला माहीत नव्हतं. तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

तिने सूप गरम केलं. त्याचं कपाने मोजलं, दोनशे मिली, आणि मग न मोजता अजून थोडं घातलं.

"हे पाहिलं मी," मिस्त्री म्हणाला.

"गप्प जेवा."

तिने चमचा उचलला तर त्याने डोळे मिटले होते. त्याने आधी जेवणासाठी आभार मानले. मग नावं घेतली, एकेक करून, सावकाश: मोठा, सून, नाती, धाकटी, जावई, तापातलं लेकरू, मेव्हणी. मग बायकोचं. मग थांबला. "आणि ही ताई," म्हणाला. तोवर सुपावर साय धरली होती. दोघांनी ते तसंच खाल्लं. कोंबडी त्याला कडक लागली, केक तिला गोड लागला, आणि दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं.

मग तिने आठ ताटं मांडणीत ठेवली. आठ खुर्च्या भिंतीला लावल्या. फळीचं एक टोक त्याने चांगल्या हाताने धरलं, दुसरं तिने.

"माझ्याकडे ओढू नका, वर उचला. हां. आता तुमच्याकडे. सावकाश, सावकाश!"

फळी निघाली. दोन अर्धी एकमेकांना येऊन भिडली. आठ फुटांचं टेबल पाच फुटांचं झालं. लाकडी पट्ट्या मिस्त्रीने गोळा केल्या, सुतळीने बांधल्या आणि खणात ठेवल्या. एक मागे राहिली होती. ती ताईने पर्समध्ये टाकली. त्याने पाहिलं आणि खण बंद केला.

अठ्ठावीसला माणसं पाचच होती, तारे सहा. मिस्त्रीने कोट काढला, बूट काढले आणि काट्यावर चढला.

"बोला ताई!" ड्रायव्हर ओरडला.

तिने वाकून पाहिलं. उतरायला लावलं. परत चढवलं.

"अठ्ठावन्न नऊशे," ती म्हणाली, आणि सिस्टरने लिहून घेतलं.