टाळ्यांची सोय

रसिक हाच कलेचा प्राण. हे वाक्य त्याच्या कंपनीच्या दारावर पितळी अक्षरांत लावलेलं होतं, आणि प्राण कमी पडलाच तर तो पुरवायची सोय आत होती.

सुरुवात त्यानं मैफलींच्या तिकिटांच्या ॲपपासून केली. ते आपटलं. मग घरबसल्या मैफल ऐकवायचं काढलं. लोक घरी बसले, पण ऐकेनात. तिसऱ्या खेपेला मात्र नस सापडली. अर्ध्या रिकाम्या सभागृहात कलावंत खचतो, म्हणून छतातल्या स्पीकरमधून टाळ्या सोडायच्या. गाणं संपलं की सॉफ्टवेअर ते ओळखणार आणि खऱ्या टाळ्यांत हव्या तेवढ्या मिसळणार, दुधात पाणी घालावं तशा. आयोजक खूश, कलावंत खूश. परिषदांमधून भाषणाची आमंत्रणं येऊ लागली. ताईचे यजमान तेवढे म्हणाले, "शालकराव, आता श्रोते बोलवूच नका. पार्किंगचाही प्रश्न मिटेल."

ताई शाळेत गणित शिकवायची आणि उरलेल्या वेळात गायची. उरलेला वेळ शेवटी उरलाच नाही, तेव्हा तिनं ठरवलं, एकदा मोठ्या सभागृहात गायचं. लोकांना आपण हव्या असलो तर नोकरी सोडायची, नसलो तर घरात पुन्हा हा विषय काढायचा नाही. सभागृह भावानंच मिळवून दिलं.

त्या दिवशी यंत्रणा बंद ठेवायची, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. शेवटच्या रांगेत फोन हातात घेऊन बसला. पहिलं गाणं संपलं आणि चार टाळ्या पडल्या, कुणीतरी पर्समध्ये चष्मा शोधू लागलं. ताईनं उगाच तानपुरा जुळवायला घेतला. तिची भीड चेपेपर्यंतच, असं म्हणून त्यानं थोड्या सोडल्या. एकदा सोडल्यावर कमी करणार कशा? तिला कळलं असतं. शेवटी छत दणाणलं. टाळ्या भरपूर होताहेत असं पाहून लोकांनी आपापले हात मांडीवर ठेवले. ताई डोळे पुसत खाली वाकली.

राजीनामा मंजूर झाला, तिच्या जागी नवीन बाईही आल्या. त्यानंतर तिनं त्याला घरी बोलावलं. मैफलीचं रेकॉर्डिंग लावून ती स्वयंपाकघरात बसली होती.

"प्रत्येक गाण्यानंतर तोच माणूस खोकतो," ती म्हणाली, "आणि त्याच्यामागे खुर्ची सरकते. तुझ्या आहेत का रे या?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. भावोजींना विनोद सुचला नाही. ते कुंड्यांना पाणी घालायला गेले.

"मग माझ्या किती होत्या?"

ते सांगता येण्यासारखं नव्हतं. यंत्रणा मिसळते, वेगळं काढत नाही. तो बोलत राहिला, तुझ्या भल्यासाठीच केलं, तू खचू नयेस म्हणून. बोलता बोलता त्याची नजर फरशीवरून वर येईना.

"लोकांनी शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं," ती म्हणाली. "माझ्या तरी असत्या त्या."

मग तिनं पुन्हा तोच तुकडा लावला. खोकला, खुर्ची.

"या मुळात कुणाला वाजवल्या होत्या, ते तरी सांग."

दंतवैद्यांच्या संमेलनात जेवण तयार असल्याचं जाहीर झालं, तेव्हाच्या होत्या त्या.