रांगेतल्या सासूबाई

मास्तरवर चोरीचा आळ आला, तोही एक चूक चोरल्याचा. काही चांगलं चोरल्याचा आळ असता, तर निदान चार लोकांत तोंड वर करून सांगता तरी आलं असतं.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. तो एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅम लिहायचा, आणि किती वाजले विचारलं तर घड्याळ कसं चालतं इथून सुरुवात करायचा, म्हणून ऑफिसात हे नाव पडलं. दवाखान्यातली रांग सांभाळणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. पेशंटने दारात बटण दाबायचं, पाळी आली की पडद्यावर नाव येणार. कंपनीचं पोट त्यावरच चालायचं. त्याची पहिली नोकरी एका मोठ्या कंपनीत होती आणि तिथेही त्याने असाच प्रोग्रॅम लिहिला होता. आता दोन्हींत नेमकी एकच खोड निघाली. दोघंतिघं पेशंट आले की सगळं झकास, पण एकटाच कुणी येऊन बसला की पडदा म्हणायचा, 'कोणी नाही.' डॉक्टर आत जांभया देताहेत आणि पेशंट बाहेर कण्हतोय.

मोठ्या कंपनीने कोर्ट गाठलं. बरोबर गोष्ट दोन ठिकाणी सुचेल, पण इतकी विचित्र चूक दोनदा कशी होईल? अर्थात जाताना याने आमचा प्रोग्रॅम ढापला, तेव्हा निकाल लागेपर्यंत यांची विक्री थांबवा. विक्री थांबली की छोट्या कंपनीला टाळं लागणार हे उघड होतं. आणि चोर म्हणून शिक्का बसलेल्या मास्तरला पुढे कोणी दारात उभं केलं नसतं.

"चूक माझीच आहे हो," घरी आलेल्या वकीलसाहेबांना तो काकुळतीला येऊन सांगत होता. "रांग म्हटली की मी दोन माणसं धरूनच चालतो. डोक्यातच तसं बसलंय."

"डोकं पुरावा म्हणून दाखल करता येत नाही," वकीलसाहेब म्हणाले.

चहा घेऊन आलेल्या बायकोने विचारलं, नक्की चूक काय आहे? मास्तरने घसा साफ करून रांगेच्या इतिहासाला हात घातला. वकीलसाहेबांनी त्याला अडवून एका वाक्यात सांगून टाकलं.

"मग हे आपल्या गरम पाण्यासारखंच झालं की," बायको म्हणाली.

झालं होतं असं, की पहिली नोकरी लागण्याआधी मास्तर घरी रिकामा बसला होता. घर तेव्हा भरलेलं. आई, वडील, भाऊ, बहीण, आणि रोज सकाळी बाथरूमच्या दाराशी भांडण. त्याने दाराबाहेर एक छोटा पडदा लावला. प्रत्येकाच्या नावाचं बटण, आणि ज्याची पाळी त्याच्यासाठी गिझर पाणी तापवणार. पुढे लग्न होऊन आलेल्या बायकोलाही एक बटण मिळालं.

"ते अजून चालतं?" वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला.

"चालतं ना. चालवून घ्यावं लागतं."

"मला कसं नाही कधी जाणवलं?" मास्तर म्हणाला.

"तू थंड पाण्याने आंघोळ करतोस. आणि मग त्याचे फायदे सांगतोस."

"वहिनी," वकीलसाहेब म्हणाले, "यापुढचं सगळं कोर्टात."

कोर्टाने नेमलेल्या जाणकाराने तो पडदा उघडून पाहिला. प्रोग्रॅम पहिल्या नोकरीच्या आधीचाच होता आणि खोडही तीच होती. मग बायको साक्षीला उभी राहिली. बाकावर बसलेल्या मास्तरला वाटत होतं, चला, सुटलो. समोरचे वकील मात्र इतक्यात हार मानणाऱ्यातले नव्हते.

"रोज सकाळी यात दोन नावं दिसतात. एक तुमचं, दुसरं 'आई'. या कोण?"

"माझ्या सासूबाई."

"त्यांनाही बोलावू या की साक्षीला."

"त्या वारल्या. सासरेही गेले, बाकीची पांगली, आता घरात आम्ही दोघंच."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग त्यांचं बटण रोज कोण दाबतं?"

"मीच. माझं एकटीचं दाबलं तर पाणी तापत नाही. ते म्हणतं, कोणी नाही. म्हणून आधी सासूबाईंचं दाबते, मग माझं."

कोर्टात खसखस पिकली. समोरचे वकील चिडले. "इतकी वर्षं नवऱ्याला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. ते म्हणाले, एका माणसासाठी रांग कशाला हवी?"

आता सगळे मोकळेपणी हसले. मास्तर बुटांकडे बघत बसला. हे वाक्य आपण बोललो होतो, आणि पेपरातून डोकंही न काढता बोललो होतो, हे त्याला लख्ख आठवलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

चूक मास्तरच्या घरचीच आहे, चोरीची नाही, असं म्हणून न्यायाधीशांनी विक्री थांबवायला नकार दिला. छोट्या कंपनीच्या मालकीणबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी कोर्टाच्या पायऱ्यांवरूनच अख्ख्या ऑफिसला जेवायला नेलं. मास्तरला तर दोघांनी दंडाला धरून ओढलं. "तू जा, मी होते पुढे," बायको म्हणाली, आणि तो गेला. जेवताना त्याच्या चुकीवर भरपूर विनोद झाले. त्यातले दोन तर त्याने स्वतःच केले.

दुपार कलता कलता तो घरी आला आणि थेट लॅपटॉप घेऊन बसला. दुरुस्ती चुटकीसरशी झाली.

"आता तुझं एकटीचं बटण पुरेल," त्याने आतल्या खोलीकडे बघत सांगितलं. "आईचं काढून टाकू?"

"राहू दे," ती बाहेर येत म्हणाली. "सकाळी तेवढंच कुणाशी तरी बोलणं होतं."

मास्तरने लॅपटॉप मिटला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "तू जेवलीस ना?"

"नाही अजून. तुझ्यासाठी थांबले होते."

स्वयंपाकघरात दोन ताटं मांडलेली होती. मास्तरचं जेवण गळ्यापर्यंत झालेलं होतं. त्याने हात धुतले आणि तिच्यासमोर जेवायला बसला.