दुसरा रिमोट

गाडी तिसऱ्यांदा पाण्याच्या टाकीवर आदळली आणि मनकर्णाबाईंनी रिमोट मांडीवरून खाली लोटून दिला.

"उचला तुमचं खेळणं. मले नाई जमत."

"आवं, आज पह्यलाच दिवस हाये," उकंडराव म्हणाले. "मले तर पह्यल्या दिवशी सरळबी चालवता आली नव्हती."

"तुमचे दोनी हात धड होते."

दोन महिन्यांपूर्वी मनकर्णाबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. जीभ लवकर वळली, पाय काठीच्या आधाराने उभा राहिला, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. व्यायाम शिकवायला येणारी समता बजावून गेली होती, "काका, पह्यले तीन-चार महिने महत्त्वाचे. बोटं आता नाही हलली, तर मंग लई कठीण जाईल." तिने दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. मनकर्णाबाईंनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने शेजारच्या अंगणात भिरकावला.

तेव्हा उकंडरावांना आपल्या गाड्या आठवल्या. त्यांना दुसरं काय आठवणार! खामगावात कापसाच्या एका जिनिंगमध्ये पस्तीस वर्षं फिटर होते. दिवसभर मोठ्या यंत्रांशी झटापट करून घरी आले की लहान यंत्रात डोकं घालायचे. मोताळ्याच्या बाजारात भंगारवाल्याकडे रिमोटची एक मोडकी गाडी सापडली, ती त्यांनी दुरुस्त केली आणि तिथून जे वेड लागलं ते लागलंच. आता कपाटात अकरा गाड्या होत्या. सांगाडे स्वतः कापलेले, वरची बॉडी गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्याची, रंग असा की कंपनीच्या गाडीने मान खाली घालावी. रविवारी बंद जिनिंगच्या पटांगणात त्या धूळ उडवत पळायच्या. मनकर्णाबाई त्यांना 'माह्या अकरा सवती' म्हणत आणि आजवर एकीलाही त्यांनी हात लावला नव्हता.

रिमोट पिस्तुलासारखा होता. डाव्या बोटाने घोडा ओढला की गाडी पळायची, पुढे ढकलला की मागे यायची. वळवायला मात्र बाजूचं छोटं चाक उजव्या हाताने फिरवावं लागायचं. म्हणजे मनकर्णाबाईंची गाडी पळत होती, वळत नव्हती. तीन दिवस ती टाकीवरच आदळली आणि तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाई पदर तोंडावर घेऊन रडल्या.

चौथ्या दिवशी उकंडरावांनी जे केलं, ते त्यांच्यासारख्यालाच सुचलं असतं. गाडीतला इशारे पकडणारा रिसीव्हर त्यांनी दुसऱ्या रिमोटला जोडून टाकला. मनकर्णाबाईंच्या हातातल्या रिमोटचा फक्त दिवा लागायचा. खरा रिमोट उकंडरावांच्या मांडीवर, टॉवेलखाली. ते बायकोच्या मागे बाजेवर बसले. तिचं डावं बोट हललं की त्यांचं हलायचं आणि तिचा उजवा खांदा ताणलेला दिसला की ते हळूच चाक फिरवायचे.

गाडी टाकीजवळ गेली आणि वळली.

"वळली काय हो?"

"वळली म्हंजे! तूच त वळवली!"

त्या दिवशी मनकर्णाबाईंनी भाकरी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी केस विंचरून घेतले. अकोल्याला दिलेल्या लेकीला, सुचिताला, गाडी वळतानाचा व्हिडिओ पाठवला, तर ती फोनवर हमसून रडली. उकंडराव खूश होते. इतके खूश की आपण खोटं बोलतोय हे त्यांना दिवसातून एखाद्याच वेळी आठवे.

दहा दिवसांनी समता आली. तिने मनकर्णाबाईंची बोटं एकेक करून तपासली आणि उकंडरावांना दारापाशी गाठलं.

"काका, बोटात तर काईच फरक नाही. मंग काकू गाडी कशा वळवून राह्यल्या?"

"अंदाजानं... खांद्यानं..."

"चेंडू चालू आहे ना?"

"गाडी जमते तिले. चेंडू कायले आता?"

समताने त्यांच्याकडे पाहिलं. "दिवस जाऊन राह्यले काका," एवढंच ती म्हणाली.

उकंडरावांना जेवण गेलं नाही. बायकोच्या हाताचे दहा दिवस आपण खाल्ले, हे त्यांना स्वच्छ कळलं. उद्या सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं. पण सकाळी पाहतात तर मनकर्णाबाई आंघोळ करून खुर्चीत तयार, रिमोट मांडीवर. त्यांची जीभ उचललीच नाही.

उलट त्यांनी अंगणात दोन विटा मांडल्या, पलीकडे बादली ठेवली आणि मागे जाऊन बसले. गाडी निघाली. विटांमधून नेताना उकंडरावांचा जीव रंगला. त्यांनी वेग वाढवला, मागची चाकं घसरू दिली, बादलीला गर्रकन वळसा घातला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा रे पठ्ठ्या!"

मग त्यांनी वर पाहिलं. मनकर्णाबाई मान वळवून त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी आपला रिमोट केव्हाच बंद करून जमिनीवर ठेवला होता, दिवा विझलेला.

"टावेल काढा."

त्यांनी काढला.

"कवापासून?"

"चवथ्या दिवसापासून."

"सुचिताले दाखवलं, तेबी?"

"हाव."

मनकर्णाबाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "मी रोज देवाले सांगत होती, हात येऊन राह्यला म्हणून. देवापुढंबी मले खोटं पाडलं तुमी."

"तू रडत होती. मले पाहवलं नाही."

"मंग रडू द्याचं होतं! माह्या हाताचं रडणं व्हतं ते. तुमाले पाहवलं नाही म्हून मी काऊन बसून राहू?"

उकंडरावांना इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. त्यांनी गाडी उचलून आणली, रिसीव्हर पुन्हा तिच्या रिमोटला जोडला. आपल्या रिमोटमधले सेल काढून बाजेवर ठेवले. मग तिचा रिमोट पुसून पुढे केला. तिने तो लगेच घेतला नाही.

"मांगं नका बसू. म्होरं बसा. तुमचे हात दिसले पायजेत मले."

ते टाकीपाशी जमिनीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर.

गाडी विटेवर आदळली. ते सवयीने उठायला गेले.

"उठू नका."

तिने गाडी मागे घेतली. पुन्हा आदळली. पुन्हा मागे. ऊन अंगणात आलं, दोघांपैकी कुणी चहाचं नाव काढलं नाही. तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून चाकावर ठेवला, तो घसरला, पुन्हा ठेवला. कपाळावर घाम आला होता. तो पुसायला जावं असं उकंडरावांना फार वाटलं, पण ते बसून राहिले.

किती वेळाने कोण जाणे, गाडी पुन्हा आदळली. विटेलाच. पण या वेळी नाक नाही, डावा कोपरा लागला; गाडी केसभर वळली होती.

दोघांनीही ते पाहिलं. मनकर्णाबाईंनी गाडी मागे घेतली आणि उकंडरावांनी गुडघ्यांवरचे हात आणखी घट्ट धरले.