चार हिरवे दिवे

तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. सात मजल्यांच्या इमारतीतली झाडून सगळी माणसं बॅटरीच्या खोलीसमोर दाटीवाटीनं उभी होती आणि माना उंचावून एका भिंतीकडे बघत होती. भिंतीवर एक पांढरी डबी आणि डबीवर बॅटरी किती भरलीय ते दाखवणारे चार हिरवे दिवे. बाहेर दुपारपासून वीज गेलेली, आता दिवेलागण झाली, तरी चारांतला एकही विझायला तयार नव्हता. कुणीतरी हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले, कारण एकट्यानं मोकळे हात ठेवायला छाती लागते.

"बॅटरी म्हणजे काय? देह!" सूर्यमहाराजांनी सुरुवात केली. "आणि चार्ज म्हणजे? प्राण! देह जुना होतो, प्राण जुना होतो का? शहाणी माणसं सांगत होती, बॅटऱ्या मेल्या, बदला. मी नुसता हात ठेवला. बोला, मेल्या का?"

"नाही!" तळघर दणाणलं.

सर्वांत मागे, खांबाला टेकून, पाचव्या मजल्यावरच्या विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या. शाळेतून आल्या त्या साडीतच. यातली निम्मी माणसं त्यांच्याच वर्गातून शिकून बाहेर पडलेली. आपण वीस वर्षं फळ्याला शिकवलं की काय, असं त्यांना वाटलं आणि मनापासून राग आला.

महाराजांच्या शेजारी नगरसेवक भाऊ हसतमुखानं उभे होते. 'गच्चीगच्चीवर सूर्य' म्हणून ते निवडून आले आणि सूर्य त्यांनी आणलाही. गच्चीवर पॅनेल लागली, फीत कापली, फोटो निघाले. भाऊंच्या चेहऱ्याचा फलक तर इतका उंच लागला, की दुपारनंतर पॅनेलच्या दोन ओळी त्याच्याच सावलीत बसू लागल्या. पण बॅटऱ्या तळघरात. तिथं फोटो काढायला कोण येणार? तिथं दुसऱ्या कुणीतरी वापरून टाकून दिलेल्या बॅटऱ्या नवा रंग फासून बसवल्या गेल्या. वर्षभरात त्यांनी मान टाकली. लोक कुरकुरू लागले, तेव्हा भाऊंनी बॅटऱ्या नाही, महाराज आणले. महाराज आले त्याच दिवशी ही डबीही आली. आता नव्या बॅटऱ्यांसाठी साठवलेला इमारतीचा निधी महाराजांच्या ऊर्जाकेंद्राला द्यायचा, यावर आज हात वर होणार होते.

बाईंच्या सासूबाईंना घरी ऑक्सिजनचं मशीन होतं. वीज गेली की लिफ्टसारखंच तेही याच बॅटरीवर चाले. तसलंच मशीन तळमजल्यावरच्या ड्रायव्हरकाकांनाही होतं. गेल्या आठवड्यात वीज गेली, मशीन बंद पडलं आणि काका गेले. काकू धावत तळघरात आल्या, तर चारही दिवे हिरवे. "बॅटरी भरलेली होती, माई," महाराज म्हणाले होते, "त्यांचाच प्राण संपला होता." काकूंनी ते मानलं. आजही त्या पहिल्या रांगेत हात जोडून उभ्या होत्या, आणि बाईंना ते बघवत नव्हतं.

खाली येण्याआधी बाईंनी सासूबाईंना सिलिंडर लावला होता आणि नवऱ्याला त्यांच्या उशाशी बसवलं होतं.

"तुझा महाराजांवर विश्वासच नाही," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या होत्या.

"असेल हो. पण तो नाकात घालता येत नाही."

आता भाऊ म्हणाले, "मग निधीचं ठरवून टाकू या. हात वर करा."

"भाऊ, एक मिनिट," बाई पुढे आल्या. आवाजात इतका मध की ओळखणाऱ्यानं सावध व्हावं. "सासूबाईंना महाराजांना भेटायची फार इच्छा आहे. त्यांना खाली येववत नाही. महाराजांनी पाचव्या मजल्यावर पायधूळ झाडावी."

"अवश्य!" महाराज म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

"जिना कशाला? लिफ्ट आहे ना. दिवे हिरवे आहेत."

महाराज थबकले. "चढण्यात तपश्चर्या असते, बाई."

"तुमच्या गुडघ्यांना तपश्चर्या? आम्ही असताना?"

भक्तांना एवढंच पुरे होतं. त्यांनी प्रेमानं, कौतुकानं, जवळजवळ उचलूनच महाराजांना लिफ्टमध्ये घातलं. "भाऊ, तुम्हीही!" म्हणत भाऊंनाही मागून ढकललं. दार लागलं. लिफ्ट हुंकारली, वर गेली, कण्हली. आणि त्याच बॅटरीवर कसाबसा जळणारा तळघरातला एकुलता बल्ब विझला.

मिट्ट काळोख. त्यात भिंतीवर चार हिरवे दिवे मजेत जळत होते.

मग वरून, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधून, आवाज आला.

"भाऊ, हे काय झालं?"

"बॅटरी बसली! दुसरं काय होणार! मेलेल्या बॅटरीवर लिफ्टमध्ये चढलासच कशाला?"

"मला ढकललं! मी सांगत होतो, जिन्यानं जाऊ!"

"हळू बोल!"

"काय हळू? दिवे खोटे लावायची अक्कल तुझी! मी फक्त हात ठेवला!"

लिफ्टच्या बोगद्यातून शब्द न् शब्द खाली आला. बाईंनी पिशवीतून टॉर्च आणि पकड काढली. मघापर्यंत त्या डबीला कुणी बोट लावू देत नव्हतं, आता कुणी आडवं आलं नाही. झाकण निघालं. आतून एक वायर बॅटरीकडे जाण्याचा देखावा करत भिंतीत शिरली होती आणि तिथंच संपली होती. डबीच्या पोटात घड्याळात घालतात तसले तीन सेल होते.

"हा बघा तुमचा प्राण," बाई म्हणाल्या. "हे दिवे बॅटरीला जोडलेलेच नाहीत. बॅटरी जाळून टाकली असती तरी हिरवेच राहिले असते. दिव्याकडे बघून हात काय जोडता? बॅटरीला काम सांगा. पंखा लावा, लिफ्ट चालवा, किती वेळ टिकते ते मोजा. आणि जो मोजू देत नाही, त्याला विचारा, का नाही देत."

"नव्या बॅटऱ्या!" काळोखात कुणीतरी म्हणालं. मग दुसरं, मग सगळेच. मघाशी 'नाही' म्हणताना लागला होता तसाच जोर, हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांना त्याचा फारसा आनंद झाला नाही.

काकू डबीपाशी आल्या. त्यांनी ते तीन सेल तळहातावर घेतले. "म्हणजे त्या दिवशी," त्या सावकाश म्हणाल्या, "यांचा प्राण संपला नव्हता."

"नाही, काकू. बॅटरी संपली होती. कुणी खरं सांगितलं असतं, तर आपण सिलिंडर आणून ठेवला असता."

लिफ्टच्या दाराची किल्ली ड्रायव्हरकाकांकडेच असायची. ती काकू घरून घेऊन आल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"लिफ्टमध्ये हवा असते ना हो, बाई?"

"असते. फटींतून येते."

"मग घाई नाही."

वरून महाराज ओरडले, "अहो, कुणी दार उघडा! जीव घुसमटतोय!"

काकूंनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ घट्ट केली आणि वर तोंड करून शांतपणे म्हणाल्या, "कसा घुसमटेल, महाराज? दिवे हिरवे होते की."