वन्संच्या कोटाची बाही

वृद्धाश्रमात एकाकीपणावर संशोधन होणार, असं कळल्यावर शिंपीणबाईंनी विचारलं, "इथं एकाकी कोण आहे?"

"ते आम्ही शोधून काढू, आजी," संशोधक म्हणाला.

आणि पठ्ठ्या शब्दाला जागला. चिठ्ठ्या टाकून त्यानं म्हाताऱ्यांचे दोन गट पाडले. पहिल्या गटाकडे रोज संध्याकाळी गोड बोलायला शिकवलेला सोबती येणार. दुसऱ्याकडे कुत्रंही फिरकणार नाही. मग कोण किती सुखी झालं ते मोजायचं. एकाचं वारं दुसऱ्याला लागू नये म्हणून जेवणघरात मधोमध जाड पडदा टांगला. बाई अलीकडे दुसऱ्या गटात, त्यांची नणंद पलीकडे पहिल्या गटात.

या दोघी भांडायला बसल्या की अंगणातले कावळे बिऱ्हाड हलवत. बाईंचा नवरा गेला, शिलाई मशीन गेलं, दातही गेले. संध्याकाळचं हे भांडण तेवढं शाबूत होतं. त्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. आता पडद्याशी काय डोंबल भांडणार? बाई ताटावरून उपाशी उठू लागल्या, वाळून काडी झाल्या. संशोधक खूश. दुसरा गट अगदी अपेक्षेप्रमाणे खचत होता.

पलीकडे मात्र घोटाळा झाला. वन्सं मुळात मुख्याध्यापिका. पहिल्या सोबत्याला त्यांनी शर्ट खोचायला लावला, दुसऱ्याकडून पाढे म्हणवून घेतले, तिसरी रडत घरी गेली ती फोनच उचलेना. गोड बोलणारी माणसं संपली.

"मी जाते," बाई म्हणाल्या.

"आजी, तुम्ही दुसऱ्या गटात आहात."

"म्हणजे माझ्याकडे कुणी यायचं नाही. मी कुणाकडे जायचं नाही, असं कधी ठरलं?"

संशोधकानं पुष्कळ डोकं खाजवलं. खरंच ठरलं नव्हतं. "पण गोड बोलायचं हं."

"आमच्या घरात दुसरं काही चालतच नाही."

पडदा सरकला.

"काय वन्सं, तुमच्या बाजूचा चहा पाणचट असतो म्हणे."

"तुमच्या हातचा प्यायलेय, वहिनी. त्यापुढे हा अमृत वाटतो."

"वाटणारच. फुकटचा ना."

"आणि तुम्ही शिवलेला तो कोट? त्याची एक बाही अजून दुसरीला शोधतेय."

"बाह्या सारख्याच होत्या. हात लहानमोठे होते."

कावळे उडाले. दोघींनी दोनदा वाढून घेतलं.

संशोधकानं जाहीर केलं की गोड सोबतीनं म्हातारपण बहरतं. दुसऱ्या गटातली एक म्हातारी विनाकारण टवटवीत झाली, म्हणून तिला हिशोबातून वगळलं. सत्कार झाला, हार पडले, स्वारी पुढच्या वृद्धाश्रमाकडे निघाली. सामान आवरताना पडदा काही सापडला नाही.

थंडी पडली तेव्हा वन्संच्या अंगावर नवा, जाडजूड, हातशिलाईचा कोट होता. बेतशीर, उबदार. फक्त डावी बाही बोटभर आखूड. बाईंनी ती तीनदा मापून, मुद्दाम तशी कापली होती.