चेस्टनटच्या मापाचा कोळसा

उर्शुलाने चुलीची जाळी खडाखडा हलवली, तसा एक चपटा करडा दगड गजांत अडकला. तिने तो चिमट्याने ओढून फरशीवर आपटला.

"बघ! पुन्हा पाटीचा दगड!"

तिचा नवरा बाल्त्रुस सूपमध्ये पाव बुडवत होता. खाणीत छातीत कोळशाची धूळ भरल्यापासून कंपनीने त्याला खाणीबाहेर, कोळशातले दगड वेचणाऱ्या पोरांच्या बाकावर बसवले होते.

"भट्टीला अंड्याएवढा कोळसा, रात्री विस्तव झाकायला वाटाण्याएवढा, स्वयंपाकाला चेस्टनटच्या फळाएवढा," उर्शुला कडाडली. " मग चेस्टनट द्या ना! खाण खणायची आपण आणि दगड जाळायचे आपणच? न्यूयॉर्कच्या शेठाणीकडे पाठवतील असला माल?"

"असू दे गं."

"काय असू दे? पाव आत कच्चा राहिला. वेचणाऱ्याचे डोळे फुटले होते का? मुकादम येऊ दे, विचारतेच त्याला."

बाल्त्रुसने चमचा ठेवला. "थांब. मी निवडून देतो."

बादली घेऊन तो खिडकीपाशी बसला. कोळसा चकाकतो, दगड मंद दिसतो. शेंबड्या पोरालाही कळेल. त्याने एक खडा नाकापर्यंत नेला, फिरवला आणि चांगल्या ढिगात टाकला. तो दगड होता. मग लखलखीत कोळसा त्याने बाजूला फेकला.

उर्शुलाने तो फेकलेला कोळसा उचलून त्याच्या डोळ्यांपुढे धरला.

"कधीपासून दिसत नाही?"

"गेल्या हिवाळ्यापासून. बाकावर कोळसा धुऊन येतो, पाण्यानं सगळंच चमकतं."

"त्यांना ठाऊक आहे?"

"असतं तर कामावर ठेवलं असतं? कामाबरोबर हे घरही जाईल. घर कंपनीचंच."

तेवढ्यात दार वाजले. मुकादम प्रोथेरो टोपी हातात घेऊन उभा होता.

"उर्शुलाबाई, चेस्टनटमध्ये दगड येतात म्हणे. तुमच्याकडेही? कुणाच्या बाकावरून येतात, ते शोधतोय."

उर्शुला दार अडवून उभी राहिली.

"कोळसा उत्तम आहे. पण तुमचे गाडीवाले माझी कोबी तुडवून जातात, त्याचं काय? माणसं आहेत की बैल? आधी त्यांना शोधा!"

प्रोथेरो पुटपुटत पायऱ्या उतरला. तिने दार धाडकन लावले, स्टूल ओढून बाल्त्रुससमोर बसली आणि त्याचा अंगठा दगडावर दाबला.

"हा थरांचा. कडेला पापुद्रा लागतो. आता हा कोळसा. याची कड बोचते. कळलं?"

त्याने पुढचा खडा चाचपला आणि चांगल्या ढिगाकडे हात नेला.

"चूक," ती रागाने म्हणाली. "पुन्हा."