दादाला बाहेर काढा

“डावीकडे, छोटे! डावीकडे!”

हाक आली आणि ती डावीकडे झेपावली. चेंडू मात्र उजवीकडून येत होता. त्यातल्या घुंगरांचा आवाज तिने स्वच्छ ऐकला होता, खांदा उजवीकडे झुकलाही होता. पण हाक दादाची होती, आणि तिचं अंग लहानपणापासून कानांपेक्षा दादाचं जास्त ऐकत आलं होतं. उजव्या बाजूला खेळणाऱ्या मास्तरीणबाईंनी कसाबसा पाय लांबवला. चेंडू त्यांच्या घोट्यावर आपटून बाहेर गेला. गोल वाचला, पण शिट्टी वाजायची ती वाजलीच.

“बाकावरून सूचना,” पंचबाई म्हणाल्या. “पेनल्टी!”

देशाच्या संघात तिला सगळ्या ‘भिंत’ म्हणत, कारण मधली जागा तिची आणि तिच्या अंगावरून चेंडू सहसा पलीकडे जात नसे. अंधांच्या या खेळात दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू. कुणाला थोडं दिसतं, कुणाला काहीच नाही. डोळ्यांवर जाड पट्ट्या चढल्या की सगळ्या सारख्या. घुंगरांचा जड चेंडू जमिनीवरून सरपटत येतो आणि तो आडवं पडून अडवायचा. चेंडू खेळात असताना प्रेक्षकांनी काय, बाकावरच्यांनीही चकार शब्द काढायचा नाही. सकाळी प्रमुख पाहुण्यांनी कौतुकाच्या भरात टाळ्या पिटायला सुरुवात केली, तेव्हा पंचबाईंनी त्यांनाही गप्प केलं होतं. पाहुण्यांचा चेहरा पडला म्हणे. तिला फार बरं वाटलं होतं.

आणि आता, शेवटच्या काही सेकंदांत, एका गोलने पुढे असताना, तिच्या सख्ख्या भावाने घात केला. चांगलं दिसावं म्हणून तो बाकावरून उठून मध्यरेषेपर्यंत गेला होता. तिच्याकडे तोंड करून उभा होता. त्याची डावी ती तिची उजवी, हे साधं गणित त्याला मायेपोटी सुचलं नाही.

शेवटचा चेंडू तिनेच टाकला होता, म्हणून पेनल्टीही तिनेच अडवायची. दोघी सोबतिणी बाहेर, आणि अख्ख्या गोलपुढे ती एकटी. गोल झाला तर बरोबरी, आणि बरोबरी झाली तर सरस गोलांवर समोरचा संघ जागतिक स्पर्धेला जाणार. यांनी घरी जायचं.

“सर,” तिने प्रशिक्षकांना हाक मारली. “दादाला बाहेर काढा.”

सरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “अगं, आता नाही बोलणार तो. घाबरलाय बिचारा.”

“बाकावरून नाही. हॉलच्या बाहेर.”

“छोटे, चुकलो मी,” दादाचा आवाज जवळ आला. “तोंडात रुमाल कोंबून बसतो. पण बघू तर दे!”

दादा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. रोज सकाळी आधी तिला इस्पितळाच्या धुलाईघरात सोडायचा. तिथे ती चादरींच्या घड्या घालायची, आणि संध्याकाळी तोच तिला आणायचा. तापात तिची नजर गेली तेव्हा तो शाळेत शिकत होता. तेव्हापासून त्याने तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. पायरी आहे, खड्डा आहे, गाडी येतेय, थांब, चल. एकदा भर रस्त्यात त्याने “मागे!” म्हणून हाक मारली, ती मागे सरली आणि ट्रक तिच्या पुढ्यातून गेला. त्या दिवसापासून तिच्या अंगाने ठरवूनच टाकलं की दादा बोलला की विचार करायचा नाही. संघात ‘मदतनीस’ म्हणून त्याचं नाव लागलं, तेव्हा घरादाराचा जीव भांड्यात पडला होता. तिला मात्र ते रुचलं नव्हतं आणि तसं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याने आपल्यासाठी स्वतःचं लग्नही लांबवलं, त्याला ‘नको’ कुठल्या तोंडाने म्हणायचं?

“तू गप्प बसशील रे,” ती म्हणाली. “पण तू इथे आहेस हे मला ठाऊक असलं, की मी तुझीच वाट बघणार. चेंडू येईल आणि मी आपली तुझ्या हाकेसाठी थांबेन.”

“एवढं काय वाईट केलं मी तुझं?”

“काही नाही. जा.”

“चारचौघांत हाकलतेस मला?”

“हो.”

पंचबाईंनी ‘खरंच बाहेर पाठवायचं?’ म्हणून विचारलं, सरांनी होकार दिला. दादाच्या चपला फरशीवर वाजत दूर गेल्या. दार उघडलं, बंद झालं. पट्टीच्या आत तिचे डोळे भरून आले आणि पुसताही येईनात, कारण परवानगीशिवाय पट्टीला हात लावला की पुन्हा पेनल्टी. वाहू देत म्हणाली. आपल्या माणसाला घराबाहेर काढावं तसं तिला वाटत होतं, तरी शब्द मागे घ्यावासा वाटत नव्हता.

तिने वाकून जमीन चाचपली. रेषांच्या टेपखाली दोरी असते, तिच्यावर बोटं फिरवली की आपण कुठे आहोत ते कळतं. मग मागे हात नेऊन गोलचा खांब शोधला, मापाने पुढे आली, गुडघ्यांवर बसली.

“शांतता,” पंचबाई म्हणाल्या. “खेळा.”

समोरची खेळाडू लबाड होती. सगळ्या जोरात फेकत. ही चेंडू असा फिरवून सोडायची की आतली घुंगरं कडेला चिकटून मुकी होत. सुरुवातीच्या दोन्ही गोलांच्या वेळी तिने असंच फसवलं होतं. आताही तिची पावलं धावत आली, थांबली, आणि पुढे काहीच नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये काहीच ऐकू येईना.

त्या शांततेत भिंतीचं अंग जुन्या सवयीने थांबलं. कुणीतरी सांगेल. आता सांगेल.

कुणी सांगितलं नाही. मग अगदी बारीक, ओल्या फरशीवर रबरी चप्पल घासावी तसं काहीतरी तिला ऐकू आलं. डावीकडे. खरंच डावीकडे का? विचारायला कुणी नव्हतं, तेव्हा तिने स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. हात-पाय ताणून तिने अंग झोकून दिलं. मनगटाच्या वर दणका बसला, हाडापर्यंत कळ गेली. चेंडू उसळला, निसटू लागला. तिने दुसऱ्या हाताने त्याला कवटाळलं आणि पोटाशी घेऊन पडून राहिली.

सामना संपल्याची शिट्टी वाजली. त्यानंतर हॉल फुटेल असा आरडाओरडा झाला. मास्तरीणबाई येऊन तिच्या अंगावरच पडल्या. वर्गात कडक शिस्तीच्या बाई लहान पोरीसारख्या हुंदके देत होत्या. “ऊठ गं भिंते, जिंकलो आपण!”

“आधी तुम्ही उठा,” ती म्हणाली. “माझा हात तुमच्याखाली आहे.”

सरांनी दंड धरायला हात पुढे केला. तो बाजूला सारून ती भिंतीच्या कडेकडेने एकटी दारापर्यंत गेली. बाहेर दादा जमिनीवर बसला होता. त्याचा आवाज गुडघ्याच्या उंचीवरून आला.

“दाराला कान लावून बसलो होतो. धप्प झालं. मग ओरडले सगळे. कुणासाठी ओरडले काही कळेना. आत डोकवायचं धाडस झालं नाही.”

“आपल्यासाठी,” ती म्हणाली.

तिने मनगट पुढे केलं. त्याने हात लावला आणि लगेच काढून घेतला. तिथे टणक, गरम सूज आली होती.

“बर्फ आणतो,” तो म्हणाला. पण उठला नाही. “छोटे, जागतिक स्पर्धेला सोबत मी येणार नाही, असंच ना?”

तिला खोटं बोलता आलं असतं. तो रडत होता, हे तिला कळत होतं. तिलाही रडू फुटायच्या बेतात होतं.

“मैदानाच्या आसपास नाही,” ती म्हणाली. “घरी थांब. मी आल्यावर सगळं सांगेन.”

आतून नाव पुकारलं. फोटोसाठी बोलवत होते. ती वळली. दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी थोडी वर आलेली होती, आणि ती नेमकी तिच्या पावलासमोर होती. मागे दादाने घाईने श्वास आत घेतलेला तिने ऐकला. त्यापुढे शब्द आला नाही.

ती ठेचकाळली, चौकट धरून सावरली, आणि आत गेली.